मुलींचा वाचनकट्टा चालवायचाय? मग आधी आपण गप्प बसायला शिका

मुलींमध्ये कॉन्फिडन्स आणायचा म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय होतं तर पाहुणे बोलावतात. हार, नारळ, मग पाऊण तास "मुलींनो तुम्ही मनात आणलं तर काहीही करू शकता" आणि पोरी मागच्या रांगेत एकमेकींच्या वेण्या सोडतायत बांधतायत. शेवटी टाळ्या, वडापाव, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीला दुकानदार सुट्टे पैसे कमी देतो आणि ती काही न बोलता घरी येते. भाषण ऐकून कुणाची भीड गेलेली मी तरी बघितली नाही. भीड जाते कशाने, तर आपण काहीतरी बोललो, चार जणींनी ऐकलं, एक म्हणाली "मला नाय पटलं" आणि तरी आभाळ कोसळलं नाही, हे परत परत घडलं की. आणि हे घडवून आणायला पुस्तक लय सोयीचं पडतं, कारण "माझे पप्पा माझं ऐकत नाहीत" हे म्हणायला जी कधीच तोंड उघडणार नाही ती "गोष्टीतल्या त्या बापाने तिचं ऐकायला पायजे होतं" हे मात्र तावातावाने बोलते.

तर सुरुवात. मुली आठ ते बारा, जास्त नको. पंधराच्या वर गेलं की तो वर्ग होतो आणि वर्ग झाला की पोरी हाताची घडी घालून बसतात. वय जवळपासचं ठेवा, सहावी-सातवी एकत्र, आठवी-नववी एकत्र. सहावीतली पोरगी नववीतलीसमोर बोलत नाही, साधं आहे. जागा म्हणजे समाजमंदिर, दुपारनंतरची अंगणवाडी, शाळेचा वर्ग, गावातलं वाचनालय, काहीही चालेल, फक्त दारात पुरुषांचा पत्त्यांचा डाव बसत नसावा आणि जवळपास बाथरूम असावं. खुर्च्या बाकं बाजूला सारा, सतरंजीवर गोल बसा, कट्टा चालवणारी ताईसुद्धा खालीच. वेळ तुम्ही ठरवू नका, मुलींना विचारा. ज्या वस्तीत साडेपाचला नळाला पाणी येतं तिथे साडेपाचला कट्टा ठेवला तर तुम्ही आणि सतरंजी एवढेच उराल! शनिवारी सकाळची शाळा असते तिथे शनिवार दुपार बरी पडते, दीड तास बास, आणि अंधाराच्या आत घरी. कडेवर धाकटा भाऊ घेऊन आलेली असेल तर तिला परत पाठवू नका, भावाला खडू आणि पाटी द्या. तो रडणार, दोन पानं वाया जाणार, जाऊ दे.

घरची परवानगी हा भाग लोक उरकून टाकतात आणि तिथेच निम्मे कट्टे बंद पडतात. घरी जा, दोघी जा, चहा घ्या. "सक्षमीकरण" हा शब्द तोंडातून काढू नका, आईला तो सरकारी वाटतो आणि बापाला धोक्याचा. सरळ बोला, "काकू, शनिवारी तीन ते साडेचार पाठवा, गोष्टीची पुस्तकं वाचतो, वाचन सुधारेल, पाचच्या आत घरी." यात खोटं काहीच नाही, वाचन खरंच सुधारतं. पुस्तक हातात द्या, चाळू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिथेच एक पान वाचून दाखवा. आणि घरात आजी असेल तर आजीकडे पाच मिनिटं जास्त बसा, कारण पोरीला कुठे पाठवायचं नाही याचं व्हेटो बहुतेक घरांत आजीकडेच असतं. बापाला शंका असेल तर "दादा, एकदा येऊन बसा की" म्हणा. येत कुणी नाही, पण बोलावलंय म्हटल्यावर शंका निम्मी होते.

आता ताई कोण. माझं स्पष्ट मत, मोठ्या बाई नकोत. शाळेतल्या मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यासमोर मुली "बरोबर उत्तर" शोधत बसतात, सवयच ती. त्याच वस्तीतली, त्याच शाळेतून गेलेली, अकरावी-बारावीला किंवा कॉलेजला असलेली पोरगी बघा. जी दोन वर्षांपूर्वी याच नळावर हंडे भरत होती आणि आता एसटीने तालुक्याला जाते, तिला बघून समोरच्या पोरीला जे कळतं ते कुठल्या भाषणात नाही. एका ताईकडे तीन-चार मुली, मोठी मंडळी पाठीशी, समोर नाही.

ताईला ट्रेनिंग काय द्यायचं? चारच गोष्टी, पण त्या घोटून घ्या. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, तोवर तोंड बंद. ही सगळ्यात अवघड. मुलीचं वाक्य अडकलं तर आपण पूर्ण करायचं नाही. प्रत्येकीला "छान, छान" म्हणायचं नाही, त्याऐवजी "म्हणजे कसं?" विचारायचं, कारण छान म्हटलं की विषय संपतो आणि कसं म्हटलं की सुरू होतो. आणि चौथी, यावर मी भांडायला तयार आहे, भाषा दुरुस्त करायची नाही. पोरगी म्हणाली "तिनं तसं कराय नको व्हतं" तर ते तसंच ऐकायचं. "करायला नको होतं असं म्हण" एवढं तुम्ही बोललात की पुढचा महिनाभर ती तोंड उघडणार नाही, आणि तिच्या शेजारचीही. प्रमाण भाषा शिकवायला शाळा आहे, तिथे ती रोज सहा तास दुरुस्त होतेच आहे.

पुस्तकं निवडताना आपण मोठी माणसं एक करतो, थोर स्त्रियांची चरित्रं आणून ठेवतो. ती नंतर. सुरुवातीलाच थोर बाई दाखवली की पोरीला वाटतं ती थोर होती म्हणून जमलं, मी कुठे. पहिले काही आठवडे छोट्या चित्रगोष्टी घ्या, आठवीच्या मुलींनासुद्धा, लाज वाटू देऊ नका. कारण ग्रुपमध्ये दोन-तीन जणी अशा असतातच ज्या अजून अक्षर लावत वाचतात आणि ते कुणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतात. म्हणून नियम असा की मोठ्याने वाचन ताई करणार, ज्यांना हौस आहे त्या वाचणार, बाकी कुणीही "पास" म्हणू शकते आणि का ते विचारायचं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, डाउनलोड करून प्रिंट काढल्या तरी चालतात. झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट काढा, रंग पोरी भरतात.

मग एक मोठं पुस्तक घ्या, हप्त्या-हप्त्याने. मी डोळे झाकून तोत्तोचान सांगेन. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंचं, नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत काढलंय, किंमत परवडते आणि प्रकरणं दोन-चार पानांची, एका बैठकीत एक संपतं. तोत्तोचान नावाच्या या पहिलीतल्या पोरीला शाळेतून काढून टाकतात, का तर ती डेस्कचं झाकण सारखं उघडझाप करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. आई तिला दुसऱ्या शाळेत नेते, पण पहिल्या शाळेने काढलंय हे सांगत नाही, ते तिला पार विशी उलटल्यावर कळतं. इथे पुस्तक मिटा आणि विचारा, आईने लपवलं ते बरोबर का चूक? बघा काय होतं ते. निम्म्या म्हणतील बरोबर, लहान होती, मनाला लागलं असतं. निम्म्या म्हणतील नाही, आपल्याबद्दलची गोष्ट आपल्याला माहीत पाहिजे. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "आमच्यात पण सगळं ठरल्यावरच सांगतात." बास. ताईने इथे काही बोलायचं नाही, सल्ला तर नाहीच, फक्त बाकीच्यांकडे बघायचं. नव्या शाळेचे हेडमास्तर कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात, त्या प्रकरणानंतर विचारा की तुमचं सलग कुणी ऐकलंय का, किती वेळ. उत्तरं मोठ्याने नको, चिठ्ठीवर, नाव न लिहिता.

आणि तो संडासाच्या टाकीचा प्रसंग सोडू नका. तिची आवडती पर्स टाकीत पडते, ही लांब दांड्याचं भांडं आणून सगळा मैला उपसायला लागते, हेडमास्तर येतात, बघतात, ओरडत नाहीत, मदतही करत नाहीत, फक्त झालं की सगळं परत आत टाकशील ना एवढं विचारतात. पोरी आधी ईईई करतात, मग हसून हसून लोळतात, आणि मग खरी चर्चा होते की त्यांनी मदत का केली नसेल. पर्स सापडत नाहीच शेवटी. "मग तिला काय मिळालं?" एवढा एकच प्रश्न टाका, तास कसा जातो कळत नाही.

प्रश्नांचं एक सूत्र सांगते. "या गोष्टीचं तात्पर्य काय" हा प्रश्न कट्ट्यावर बंद, कायमचा. "तुम्ही तिच्या जागी असता तर" हाही सुरुवातीला नको, कारण त्यात पोरगी उघडी पडते. "कुणाचा राग आला?", "कुठे वाटलं की हे असं कुणी वागत नाही?", "हिला आणखी काय करता आलं असतं?" हे चालतात. आणि मधूनमधून उठवा त्यांना. एक भिंत "पटलं"ची, समोरची "नाही पटलं"ची, जिकडे वाटतं तिकडे जाऊन उभं राहायचं, मध्येही थांबता येतं, बोलणं ऐकून जागा बदलली तर कुणी हसायचं नाही. जी दोन महिने एक शब्द बोललेली नसते तीही भिंत निवडते, आणि कधीकधी एकटीच उभी असते "नाही पटलं"कडे आणि हलत नाही. हे मला कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीपेक्षा मोठं वाटतं. उलट जी पोरगी सारखी बोलते तिला गप्प करू नका, तिला मुद्दे लिहून घ्यायचं काम द्या, म्हणजे तिला ऐकावं लागतं.

थोर बायका मग आणा, सहा महिन्यांनी. पण आधी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली पोरगी, मातंग समाजातली, 1855 साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. भाषा जुनी आहे, थांबत थांबत वाचावं लागतं, पण मुलींना एक गोष्ट लगेच भिडते की ही बाई नव्हती, शाळेत जाणारी पोरगी होती, आणि ती थेट देवालाच विचारते आमचा धर्म कोणता ते सांग. ते वाचून झाल्यावर प्रत्येकीने एक प्रश्न लिहायचा, कुणालाही, देवाला, सरपंचाला, एसटीवाल्यांना, आईला. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रातली, म्हणजे स्मृतिचित्रेमधली पानं पण मस्त चालतात, सगळी नाही, वडलांच्या सोवळ्याचे प्रसंग घ्या, पोरी खदखदा हसतात आणि हसता हसता आपल्या घरच्या पाळीच्या चार दिवसांवर येतात.

आता कट्ट्याबाहेरचं. ताईने महिन्यातून एकदा तरी आपल्या तीन-चार जणींबरोबर बाहेर एक काम करायचं, आणि काम मुलीने करायचं, ताईने फक्त बाजूला उभं राहायचं. वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना स्वतः विचारायचं की बालविभागाची वर्गणी किती, अनामत किती. एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत गाडीची वेळ विचारायची. मेडिकलमध्ये जाऊन पॅड मागायचं आणि त्याने कागदात गुंडाळायला घेतलं तर "राहू द्या, असंच द्या" म्हणायचं, यासाठी काहींना तीन खेपा लागतात. बँकेची स्लिप भरायची. पहिल्यांदा आवाज निघत नाही, खिडकीतला माणूस "काय?" म्हणून खेकसतो, तेव्हा ताईने मध्ये पडायचं नाही. परत येताना भेळ खायची आणि काय झालं ते बोलायचं, भेळ कंपल्सरी आहे.

एक गंभीर गोष्ट, ही आधीच ठरवून ठेवा. मुली बोलायला लागल्या की कधीतरी काहीतरी बाहेर येणारच, कुणी हात लावतं, कुणाचं लग्न ठरवतायत. ताईने "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. "तुला विचारल्याशिवाय गावभर सांगणार नाही, पण तुला त्रास होत असेल तर मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागेल" हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ती आपली मर्जी नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन, नंबर पोरींच्या वह्यांच्या मागच्या पानावर लिहून घ्या. अठराच्या आत लग्न ठरत असेल तर तिथेही हाच नंबर. आणि असं काही ऐकलं की कॉलेजातल्या ताईवर ते ओझं टाकून मोकळं व्हायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या जबाबदार बाईने हातात घ्यायचं, म्हणूनच ती पाठीशी हवी.

बाकी किरकोळ. परीक्षेच्या दिवसांत कट्टा बंद ठेवा, उगाच हजेरीचा हट्ट नको. चार आठवडे न आलेली मुलगी परत आली तर "कुठे होतीस" ऐवजी "बस, आपण इथवर आलोय" म्हणा. पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक फिरायला, एक कपाटात, कारण फिरणारी परत येईलच असं नाही आणि आलीच तर तिच्यावर चहाचे डाग असणार, तो दंड घ्यायचा विषय नाही. आणि भाऊ येऊन विचारतातच, "आम्ही का नाही?" त्यांना हाकलू नका, त्यांचा वेगळा कट्टा लावा, दुसऱ्या दिवशी, पुस्तक तेच. एकत्र बसवायची घाई मात्र करू नका, निदान पहिलं वर्ष. पोरी मग पोरांकडे बघून बोलतात नाहीतर बोलतच नाहीत. वर्षभराने एकत्र करायचं का ते मुलींनाच विचारा, आणि "नको" आलं तर नको.