ऑस्करची बाहुली कुणाला? अभिनेत्रीच्या अंदाजाचा तक्ता आणि वादाचे नियम

कुस्ती, पेठांचा फुटबॉल आणि गोकुळ दूध संघाची निवडणूक, या तिन्हींचे निकाल आधीच छातीठोकपणे सांगणारे कोल्हापुरात पायलीला पन्नास मिळतात. ऑस्करसाठी त्यातला निवडणूकवाला हाताशी धरा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री कोण, हा प्रश्न वरून अभिनयाचा दिसतो, पण अंदाज बांधायला बसलात की तो मतदारयादीचा होतो. कुणाचं काम भारी, यावर नंतर भांडू. आधी मतं कुणाची आणि ती कधी पडतात, ते बघा.

मतदान दोन टप्प्यांत होतं. पाच नामांकनं फक्त ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या अभिनय शाखेचे सभासद ठरवतात, तेही पसंतीक्रम देऊन. गोकुळला ठरावधारक, म्हणजे गावच्या दूध संस्थेने ठराव करून नेमलेला प्रतिनिधी मत देतो, गावातला दूध घालणारा प्रत्येक जण नाही, तसंच हे. अंतिम फेरीत मात्र अकादमीचे सगळे सभासद उतरतात, साधारण दहा हजार, आणि प्रत्येकाचं एकच मत. जिला जास्त मतं ती जिंकली, निम्म्याची अट नाही. म्हणजे सरळ पंचरंगी लढत. मतविभागणी झाली तर हिशोबाने 21 टक्क्यांवरही बाहुली मिळू शकते. आकडे अकादमी जाहीर करत नाही, त्यामुळे 'थोडक्यात हुकलं' असं कुणी ठासून सांगत असेल तर त्याला चहाचं बिल द्यायला लावा. बरोबरी तेवढी कळते: 1969 च्या सोहळ्यात कॅथरीन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड दोघींनाही पुरस्कार मिळाला होता.

आता तक्ता. पाच ओळींत पाच नावं आणि वर आधीच्या पुरस्कारांचे रकाने. गुण असे ठेवा: गोल्डन ग्लोबला 1, क्रिटिक्स चॉइसला 2, बाफ्टाला 3, सॅगला 3. (सॅगचं नाव 2026 पासून 'ॲक्टर अवॉर्ड्स' झालंय, वहीत काहीही लिहा.) ग्लोब पत्रकार देतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक देतात, आणि यातले कुणी ऑस्करला मत देत नाहीत. ते हवा तापवतात एवढंच. शिवाय ग्लोबला नाट्यपट आणि विनोदी-संगीतपट असे दोन गट असल्याने दोन विजेत्या निघतात. सॅगला नटनट्या मत देतात, बाफ्टाला ब्रिटिश अकादमीचे सभासद, आणि या दोन याद्यांतली काही माणसं ऑस्करच्या यादीतही आहेत. वजन त्याचं आहे.

गुणांच्या पुढे आणखी एक रकाना पाहिजेच, आणि नवखे नेमका तोच विसरतात: त्या चित्रपटाला एकूण नामांकनं किती, आणि तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत आहे का.

तक्ता जुन्या वर्षांवर चालवून बघा (वर्ष सोहळ्याचं धरा). 2020 ला रेने झेलवेगरने चारही पुरस्कार घेतले होते, पूर्ण 9 गुण. ती निकाली कुस्ती, दुसरीकडे बघायचंही कारण नव्हतं. पण 2019 घ्या. ग्लेन क्लोज: सॅग 3, ग्लोब 1, आणि क्रिटिक्स चॉइस लेडी गागाबरोबर विभागून म्हणून 1, एकूण 5. ऑलिव्हिया कोलमन: बाफ्टा 3, ग्लोब 1, एकूण 4. जिंकली कोलमन. 2023 ला केट ब्लँचेटकडे 6 आणि मिशेल यो हिच्याकडे 4. जिंकली यो. 2025 ला डेमी मूरकडे 6, मायकी मॅडिसनकडे बाफ्टाचे फक्त 3. जिंकली मॅडिसन. 2021 ला तर चार पुरस्कार चौघींत वाटले गेले: सॅग व्हायोला डेव्हिसला, बाफ्टा फ्रान्सिस मॅकडॉर्मंडला, क्रिटिक्स चॉइस कॅरी मलिगनला, नाट्यपटाचा ग्लोब अँड्रा डेला. नुसत्या गुणांवर गेलात तर 2019 ते 2025 या सात वर्षांत तीनदा चितपट आणि एकदा कुस्ती बरोबरीत.

आता शेवटचा रकाना जोडा. 2019: कोलमनच्या 'द फेवरिट'ला 10 नामांकनं, क्लोजच्या 'द वाइफ'ला ते एकच. 2021: 'नोमॅडलँड'ला 6, मलिगन आणि डेव्हिस यांच्या चित्रपटांना 5-5. 2023: यो हिच्या चित्रपटाला 11, ब्लँचेटच्या 'टार'ला 6. 2024: एमा स्टोनच्या 'पुअर थिंग्ज'ला 11, लिली ग्लॅडस्टोनच्या चित्रपटाला 10. 2025: 'अनोरा'ला 6, 'द सब्स्टन्स'ला 5. या पाचही वर्षी गुण मिळवलेल्यांत जड चित्रपटवाली जिंकली. मात्र 5 आणि 6 मधला फरक काही पुरावा नव्हे, कल आहे. 2022 ला पाचांपैकी एकीचाही चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत नव्हता, तेव्हा हा रकाना मुकाच राहिला आणि सॅग व क्रिटिक्स चॉइस घेतलेली जेसिका चॅस्टेन सरळ निघाली. त्या वर्षी बाफ्टाची नामांकनं आणि ऑस्करची नामांकनं यांत एकही नाव सामाईक नव्हतं. बाफ्टाच्या नामांकनांत परीक्षक मंडळाचा हात असतो, त्यामुळे असं होतं. अशा वेळी बाफ्टाचे 3 गुण कुणालाच देऊ नका.

तारखाही लिहून ठेवा. 2025 ला ऑस्करचं अंतिम मतदान 18 फेब्रुवारीला बंद झालं आणि सॅगचा सोहळा 23 ला झाला. म्हणजे मूरने सॅग घेतलं तेव्हा पेट्या बंद झालेल्या होत्या. 'सॅगच्या भाषणाने वारं फिरलं' हे त्या वर्षी तरी म्हणता येत नाही. बाफ्टा मात्र 16 ला, मतदान चालू असताना झाला होता. शिवाय एप्रिल 2025 मध्ये नियम आला, की अंतिम फेरीत एखाद्या गटात मत द्यायचं तर त्या गटातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले हवेत. त्याने काय बदलतं ते दोन-चार वर्षं बघून मगच गुण बदला.

कट्ट्यावर हमखास येणारे दोन युक्तिवाद कच्चे आहेत. एक, 'हिची थकबाकी आहे'. 2019 ला क्लोजचं ते सातवं नामांकन होतं, त्याआधी एकदाही पुरस्कार नाही, तरी वसुली झाली नाहीच. दुसरा, 'हिला आधी मिळालंय, आता कशाला देतील'. मॅकडॉर्मंडला 2021 ला तिसऱ्यांदा मिळालं. आणि मुख्य की सहाय्यक, हा वाद जानेवारीत नामांकनं येईपर्यंत मिटला असं धरू नका. केट विन्स्लेटला 'द रीडर'साठी ग्लोब आणि सॅग सहाय्यक म्हणून मिळाले, ऑस्करच्या मतदारांनी तिला मुख्य अभिनेत्रीत उभं केलं आणि 2009 ला ती तिथे जिंकली.

पैज पैशांची नको, मिसळीची ठेवा. प्रत्येकाने दहा गुण पाच जणींत वाटायचे. (शेंगा वाटून खेळू नका, निकालाआधी संपतात.) नुसतं 'विजेतीला दिलेत तेवढे गुण तुमचे' असं केलंत तर सगळे दहाच्या दहा एकीवर टाकतात आणि खेळ मटक्यासारखा होतो. त्याऐवजी दंड मोजा: विजेतीला दहापैकी जितके कमी दिले त्याचा वर्ग, अधिक इतरांना दिलेल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग. 2025 चं उदाहरण घ्या. कुणी मूर 6, मॅडिसन 3, फर्नांडा टोरेस 1 असे दिले असते तर 49 + 36 + 1, दंड 86. दहाही मूरवर लावणाऱ्याला 100 + 100, म्हणजे 200. मूर आणि मॅडिसनला पाच-पाच देणाऱ्याला 25 + 25, फक्त 50. सगळ्यात जास्त दंडवाला मिसळ देणार. कागद रविवारी रात्री दहाला बंद, नंतर खाडाखोड चालणार नाही.

वादासाठी दुसरा कागद घ्या. पहिल्यावर 'मिळेल', दुसऱ्यावर 'मिळायला हवं'. हे दोन मिसळले की भांडण पेठांच्या फुटबॉलवर जातं. दुसऱ्या कागदावर बोलायचं तर चित्रपट पूर्ण पाहिलेला हवा, मोबाइलवर आलेली दोन मिनिटांची क्लिप धरायची नाही. तीन मिनिटं, आणि एक तरी प्रसंग नाव घेऊन सांगायचा. 'भारी केलंय' म्हणजे काही सांगितलंच नाही. 'पुअर थिंग्ज'मध्ये स्टोनची चाल बघा: सुरुवातीला पाय गुडघ्यात न वाकता धडपडत पडतात, मग पाऊल हळूहळू जमिनीला लागतं, त्याच्याबरोबर वाक्यंही तुटकपणा सोडून लांबत जातात. हे दाखवता येतं, त्यावर उलट बोलता येतं. ग्लॅडस्टोनची बाजू घेणाऱ्याला जास्त कष्ट आहेत. 206 मिनिटांच्या चित्रपटात तिचं काम गप्प बसण्यात आणि नजरेत आहे, त्यामुळे त्याने आवाज बंद करून एखादा प्रसंग सगळ्यांना दाखवावा. जास्त रडली, जास्त वजन घटवलं, जास्त मेकअप चढवला, हे पुरावे मोजायचे नाहीत.

राष्ट्रीय पुरस्काराला हा तक्ता लावू नका. तिथे नामांकनं जाहीर होत नाहीत, परीक्षक मंडळ चित्रपट बघतं आणि ठरवतं. आधीचे पुरस्कार तिथे काहीच सांगत नाहीत. कोल्हापूरच्या उषा जाधवला 'धग'साठी 60 वा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अशाच पद्धतीने. 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षांसाठीचा पुरस्कार दोघींत विभागून गेला, तेव्हा पैज लावलीच तर 'विभागून' असा एक पर्याय ठेवा.

राहिली सोमवारची पहाट, म्हणजे अमेरिकेतल्या रविवारच्या सोहळ्याची आपल्याकडची वेळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात, त्यावर आपली वेळ ठरते. 2024 ला सोहळा आपल्याकडे 4:30 ला सुरू झाला, 2025 ला 5:30 ला. अभिनेत्रीचं पाकीट शेवटाकडे उघडतं, सुरुवातीनंतर तीन-साडेतीन तासांनी. म्हणजे गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन यायला वेळ आहे. 2021 ला त्यांनी क्रम बदलून चित्रपटाचा पुरस्कार आधी आणि अभिनेत्रीचा त्यानंतर दिला होता, त्यामुळे चित्रपटाचं नाव पुकारलं म्हणून टीव्ही बंद करू नका. मिसळीला निघताना दोन्ही कागद बरोबर घ्या, दंडाची बेरीज तिथेच होते आणि जादा ब्रेडचे पैसेही दंडवाल्याकडेच.