शेडची योगाची खोली करायचीय? आधी जमीन बघा

ही यादी मी दुसऱ्यांदा करतोय. पहिली फार सुरेख होती. तिच्यात भिंतीचा रंग होता, दिव्याचा उजेड पिवळसर हवा हेसुद्धा होतं. जमिनीतली ओल तेवढी नव्हती. चार महिन्यांनी शवासनात पडलं की डोक्यामागून भिजलेल्या पोत्याचा वास यायला लागला. मॅट उचलली तर खाली बरोबर मॅटच्याच मापाचा काळपट पट्टा आणि त्याच्या कडेला राखाडी लव. प्लायचा कोपरा नखाने उचकटला तर पापुद्रा सुटून हातात आला. सगळं उखडून पुन्हा केलं. त्यामुळे ओल हा शब्द इथे सारखा येणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

शेड रिकामी करणं, जाळी काढणं हे सांगायला नको. पण रंगाचे अर्धे डबे, कीटकनाशकं, गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल हे 'राहू दे कोपऱ्यात' म्हणून ठेवू नका. त्याच हवेत दीर्घ श्वास घ्यायचाय. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडायच्या नाहीत, मास्क लावून, जंतुनाशक शिंपडून, ओल्या फडक्याने टिपायच्या. आणि छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर हात लावायच्या आधी थांबा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कापायचं नाही, घासायचं नाही, एक भोकसुद्धा पाडायचं नाही. त्याचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. जाणकार माणसाला दाखवा आणि मगच पुढचं ठरवा.

आता जमीन. माझी चूक कशी झाली ते सांगतो, कारण तुमचीही अशीच होईल. मी काम काढलं उन्हाळ्यात. काँक्रीट खडखडीत कोरडं, हात फिरवला तर धूळ लागत होती. म्हटलं, झकास, टाका प्लाय. पण खालची माती ओली असते आणि काँक्रीट ते पाणी बारीक छिद्रांतून वर ओढत राहतं. पृष्ठभागावर आलं की ते उडून जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही. जमीन उघडी असते म्हणूनच ती कोरडी दिसते. तिच्यावर प्लाय टाकला, व्हिनाइल अंथरलं, वर रबराची मॅट पसरली की उडायची वाट बंद. मग ते पाणी तिथेच साठतं.

तपासायला ना यंत्र लागतं ना माणूस. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, जमिनीवर ठेवा, चारी कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा. निदान १६ तास, खरं तर पूर्ण दिवस-रात्र तसंच राहू द्या. मग उचलून बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले असतील किंवा तेवढंच काँक्रीट गडद दिसत असेल, तर ओल खालून येतेय. हे एकाच ठिकाणी करून भागत नाही. मध्ये, भिंतीलगत आणि ज्या बाजूला अंगणातलं पाणी वाहतं तिथे, असं तीन ठिकाणी करा. आणि उन्हाळ्यात करून 'पास' म्हणू नका, पावसाळ्यात पुन्हा करा. तोवर काम थांबेल म्हणता? थांबू दे. माझं चार महिने चाललं आणि मग दोन महिने उखडण्यात गेले.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात साधकाच्या कुटीचं वर्णन आहे. दार लहान, भोकं-बिळं नाहीत, फार उंच नाही, फार सखल नाही, आणि धनुष्यभर अंतरात दगड, आग, पाणी नको. हे मला पाठ होतं, लोकांना ऐकवायचोही. पाणी म्हणजे ओढा, तळं असं मी धरून चाललो होतो. पायाखालचं पाणी ध्यानात आलं नाही.

ओल निघाली तर आधी बाहेर बघा, आत पैसे ओतू नका. छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावून ते लांब न्या. शेडभोवती जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच. भिंतीला टेकलेली माती, कुंड्या, लाकडं हटवा. एवढ्याने अर्धं काम होतं. मग आत २०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड प्लास्टिकचा कागद, एका तुकड्यावर दुसरा निदान सहा इंच चढवून, सांधे चिकटवून, कडा भिंतीवर थोड्या वर वळवून. कडा वळवायला विसरलात तर ओल तिथून शिरते. त्यावर पाणी न पिणारा फोमचा बोर्ड, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय, आणि भिंतीपासून बोटभर फट. लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. नवीन काँक्रीट ओतलं असेल तर ते लगेच झाकायचं नाही. जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, असा सुकण्याचा हिशेब धरतात. चार इंच म्हणजे चार महिने. हो, चार. मिस्त्री म्हणेल आठ दिवसांत टाकू. तो मजबुतीचं बोलत असतो, तुम्ही ओलीचं विचारा.

शेड लाकडी आणि जमिनीपासून उचललेली असेल तर खाली वाकून तुळयांना स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय. वाळवीची मातीची नळी दिसतेय का तेही बघा. आणि गार लागतं म्हणून खालची हवेची वाट कधीही बुजवू नका. ती बुजली की तिथेही ओलच.

माप घेताना टेप बाजूला ठेवा आणि स्वतः उभे राहा. मॅट साधारण २ फूट रुंद आणि ५ फूट ८ इंच लांब असते, पण माणूस मॅटपेक्षा मोठा. त्रिकोणासनासाठी हात पसरले की जवळजवळ आपल्या उंचीएवढी जागा जाते. टाचा उचलून हात वर ताणा. साडेपाच फुटी माणसाची बोटं सात फुटांच्या वर पोचतात. छताला पंखा लावायचा बेत तिथेच संपतो, भिंतीवरचा घ्या. उतरतं छप्पर असेल तर उंच बाजूला उभ्याची आसनं, बुटक्या बाजूला सामान. फरशीचा समतलपणा गोटी सोडून बघा. घरंगळली तर वृक्षासनात तुम्हीही डुलणार.

पत्र्याचं छप्पर दोन तऱ्हेने छळतं. दिवसा तापतं आणि पहाटे गार पडून तुमच्याच श्वासाचं पाणी खाली टाकतं. कपाळावर थेंब पडला म्हणून मी गळती शोधत छपरावर चढलो होतो, गळती नव्हतीच. खालून इन्सुलेशन लावा. चकचकीत फॉइलवालं असेल तर त्याच्या चकचकीत बाजूला दोन-तीन सेंटीमीटर हवेची पोकळी ठेवा, नाहीतर ते नुसतंच चमकतं. समोरासमोर दोन झरोके हवेत. ते फक्त वाऱ्यासाठी नाहीत, ओल बाहेर जायलाही हवेत. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ भिंतीवर लावा, काटा ६० टक्क्यांच्या वर रेंगाळू देऊ नका.

वीज स्वतः करू नका. घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणणं तर नाहीच. पाइपमधून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा खटका), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच तोडणारा खटका), अर्थिंग. अनवाणी पाय आणि ओली जमीन, पुढचं सांगत नाही. थंडीसाठी कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद शेडमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भिंतीला अय्यंगार पद्धतीच्या, आसनात आधाराला धरायच्या दोऱ्या हव्या असतील तर पत्र्यात हुक ठोकून लटकू नका. हुक पक्क्या विटांत किंवा चौकटीच्या जाड लाकडात, आणि आधी दुसऱ्या कुणाला तरी ओढून बघू द्या. रबरी मॅट व्हिनाइलवर कायमचे डाग पाडते, त्यामुळे दोन्हींतलं एकच निवडा.

परवानगी लागते का ते विचारा. दार बाहेर उघडणारं. आरसा असलाच तर एकच. योगाच्या विटा, पट्टे, ब्लँकेटं उघड्या फळीवर, बंद पेटीत नाही, कारण तुम्हाला माहीतच आहे. पायपुसणं बाहेर. रंग कोणताही द्या.

आसनं झाली की मॅट गुंडाळून उभी ठेवायची, पसरून ठेवायची नाही. आणि महिन्यातून एकदा कोपऱ्यात गुडघे टेकून जमिनीला नाक लावायचं.