एका पंपाला किती?

आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून निवड झाली तेव्हा वाटलं होतं, आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आता काय राहिलं? पहिल्याच शेतीच्या कार्यक्रमात कृषी विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांना विचारलं, "मराठवाड्यातील शेतकऱ्यांपुढील आव्हाने कोणती?" ते नऊ मिनिटं बोलले. कुणाच्या कामाचं एक वाक्य निघालं नाही. दोष माझा. भाषणाचा विषय दिला की माणूस भाषणच करणार.

बाहेर आल्यावर ड्युटीरूममधले एक जुने काका म्हणाले, "आव्हानं कशाला इचारतो? एका पंपाला किती, ते इचार की!"

या कामात नव्यानं येणाऱ्याला मी तेवढंच सांगतो. तज्ज्ञ म्हणतो, फवारणीला हेक्टरी ५०० लिटर पाणी लागेल. ऐकणारा मोजतो एकरात आणि पाठीवरच्या पंपात. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणून एकरी २०० लिटर. पंप १५ लिटरचा असेल तर तेरा-चौदा पंप. हा हिशोब घरी कागदावर करून जा आणि औषधाचं प्रमाण मात्र पाहुण्याच्याच तोंडून वदवून घ्या. आपण अंदाजानं बोललो आणि कुणाचं सोयाबीन करपलं तर?

फोन-इनची, म्हणजे श्रोते थेट फोनवर बोलतात त्या कार्यक्रमाची, गंमत वेगळी. पहिलं वाक्य नमस्कार नाही, "आधी घरातला रेडिओ बारीक करा" हे. नाहीतर शिट्टी वाजते. बियाण्याच्या कंपनीचं नाव कुणी घेतलंच तर आपण ते पुन्हा उच्चारायचं नाही, "त्या वाणाचं पीक कसं आलं?" असं म्हणून पुढं जायचं. लातूरकडचा माणूस "काय करलालाव?" (काय करताय?) म्हणाला तर त्याला पुस्तकी मराठीत आणायला जाऊ नका. मी एकदा तसं केलं. तो दोन वाक्यांत गप्प झाला.

वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जाऊन पूजा-जेवण करायच्या आपल्या येळवशीला, "या सणाचं महत्त्व काय?" विचारलं की माहितीपुस्तक ऐकू येतं. "आंबिल किती मोठ्या बिंदग्यात केली?", "कोप कडब्याची केली का?", "भज्जीत यंदा काय काय पडलं?" असं विचारा. (बिंदगं म्हणजे आंबिलीचं भांडं, कोप म्हणजे शेतातली खोप, भज्जी म्हणजे अनेक भाज्यांची मिसळ.) एका मावशींनी भज्जीतल्या भाज्या मोजायला सुरुवात केली आणि मागून घरातले सगळे चुका काढायला लागले. तो भाग आजही आठवला की हसू येतं.

पैशाचं थोडक्यात. ड्युट्या महिन्यात मोजक्याच मिळतात, तेव्हा पोटापाण्याचं दुसरं काहीतरी हवंच.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगतो. ३० सप्टेंबरचा कार्यक्रम होता, किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणींचा. १९९३ साली आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली आणि पहाटे चारच्या सुमारास दगड-मातीची जाड भिंतींची घरं कोसळली. मी कागदावर "तेव्हा काय वाटलं?" असं लिहून ठेवलं होतं. काकांचा पंप आठवला आणि ते खोडलं. फोनवर एक आजोबा आले. विचारलं, "त्या रात्री तुम्ही कुठं झोपला होता?"

"अंगणात. आत उकडत होतं." मग जरा थांबून, "बाकीचे आत होते."

पुढं काही नाही. रेडिओवर पाच सेकंदांची शांतताही फार मोठी असते आणि हात आपोआप फेडरकडं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खटक्याकडं, जातो. मी हात मांडीखाली दाबून बसलो. त्यांनीच मग हळूहळू सांगायला सुरुवात केली, कोणाला कुठून काढलं ते.

फोन ठेवला तेव्हा पुढचं गाणं लावून तयार होतं. ढोलकीचं. ते घाईनं काढलं आणि हाताला लागली ती सनई वाजवली, तीही लग्नातली निघाली. तेव्हापासून माझ्या क्यू-शीटच्या, म्हणजे काय कधी वाजवायचं त्या कागदाच्या, तळाशी बासरीची एक संथ धून कायम लिहिलेली असते.