खूप जणांची एकच केस, आणि त्यात डॉक्टर कशाला लागतात

क्लास अ‍ॅक्शन म्हणजे काय, तर एकाच वस्तूने खूप जणांचं सारखंच नुकसान झालं की प्रत्येकाने वेगळं भांडण्यापेक्षा एकदोघांनी सगळ्यांच्या वतीने केस टाकायची. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35 मध्ये सोय आहे, फक्त आधी ग्राहक आयोगाची परवानगी लागते आणि 2 वर्षांची मुदत असते, ती गेली की उशीर का झाला ते पटवत बसा.

मेडिकल केसमध्ये खरी गोची पुढेच आहे. खुब्याचा एएसआर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेला धातूचा कृत्रिम सांधा घ्या, 2010 मध्ये कंपनीने जगभरातून परत मागवला, धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं. आता पेशंट म्हणणार दुखतंय, समोरचा वकील म्हणणार वयच झालंय हो. इथे एक्स्पर्ट डॉक्टर कामाला येतो, रक्ताचा रिपोर्ट, एमआरआय, इम्प्लांट बदलायच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या नोट्स वाचून दुखण्याचं मूळ धातूत आहे की दुसरीकडे ते तो लेखी सांगतो, आणि मग उलटतपासणीत टिकावं पण लागतं. तो तुमच्या बाजूचा वकील नाही हे डोक्यात ठेवा.

किती टक्के अपंगत्व, हेही डॉक्टरच ठरवतात. एएसआरच्या भारतातल्या भरपाईचा फॉर्म्युला 2018 मध्ये आला तो अपंगत्व आणि वयावरच होता, 30 लाख ते 1.23 कोटी.

म्हणून आज काय करायचं, तर हॉस्पिटलकडून पूर्ण केसपेपर मागून घ्या, आणि इम्प्लांटचा लॉट नंबरवाला (तो कुठल्या बॅचचा ते सांगणारा) छोटा स्टिकर असतो ना, फाईलला चिकटवलेला, त्याचा आधी फोटो काढा.