बेळगावच्या परड्यात तिखट मिरची कशी लावावी

आमचं गाव येळ्ळूर. राजहंसगडाच्या बाजूची ही जमीन भाताची. पाणी धरून ठेवते म्हणूनच तिला मोल. पण भाताला जे हवं नेमकं तेच मिरचीला नको असतं, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

त्या वर्षी परड्यात, धुण्याच्या दगडाच्या खालच्या अंगाला, सपाट वाफ्यात चौदा रोपं लावली होती. जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि सगळ्या रोपांनी माना टाकल्या. उन्हानं सुकली असं वाटून मी तांब्यानं पाणी घालत होते. आजेसासूबाई मागच्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "पाणी कशाला घालतीस ग? एक उपटून तरी बघ." उपटलं, तर मुळाची साल भिजलेल्या कागदासारखी बोटांत निघून आली आणि मध्ये नुसता तपकिरी दोरा राहिला. कुजका वास हाताला दिवसभर होता. आठवड्यात चौदाच्या चौदा गेली.

पाण्यात बुडलेल्या मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात, आणि कुजलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणून रोप चिखलात उभं असून तहानेनं मरतं. आपल्याकडे मिरची करायची तर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न नसतो, पाणी बाहेर कुठून जाईल हा असतो. जागा ठरवताना, वाफा करताना, कुंडी भरताना हेच आधी बघायचं.

कोणती मिरची घ्यायची

ब्याडगीचं नाव मोठं. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून ते पडलं आणि २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यात लांब, सुरकुतलेली कड्डी आणि आखूड, फुगीर डब्बी असे दोन प्रकार येतात. पण ब्याडगी रंगाची मिरची आहे, तिखटाची नव्हे. तिखट हवं तर आपल्याच हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी घ्यावी. लांब, सडपातळ, वाळली की गर्द लाल, आणि आमटीत पडली की कळते. हिरव्या खर्ड्यासाठी ज्वाला चांगली. लवंगी मात्र एक-दोन झाडांच्या वर लावू नये, घरात तेवढी खपत नाही.

बी पाकिटाचं आणलंत आणि ते गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवायला विसरू नका. पण मला विचाराल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वाळलेल्या संकेश्वरीच्या चार मिरच्या मागून आणाव्यात. त्यांतलं बी आपल्या मातीत वाढलेलं असतं.

बी कधी टाकायचं

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि शहरात वर्षाला जवळजवळ १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण खानापुरातून जांबोटी, कणकुंबीकडे जाल तसा तो वाढत जातो आणि अथणी, रायबागकडे एकदम आटतो. त्यामुळे सगळ्या जिल्ह्याला एकच तारीख चालत नाही.

बेळगाव शहर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एप्रिलच्या शेवटी बी टाकावं. मिरगाचा पाऊस ७-८ जूनच्या सुमारास सुरू होतो तेव्हा रोप लावायला तयार असतं, आणि मोठी झड लागायच्या आत ते मुळं धरतं. खानापूरच्या पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. तिथं जुलैच्या मध्यावर छपराखाली बी टाकून, पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस रोपं बाहेर लावलेली बरी. ती मिरची नोव्हेंबरपासून येते आणि थंडीत रोगही कमी असतो. अथणीकडच्या लोकांनी मिरगाचीच लावावी, तिथं पावसाची भीती नाही.

उन्हाळी मिरचीही होते. जानेवारीत बी टाकायचं, फेब्रुवारीत लावायचं. पण एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात. त्यात झाडाचा दोष नसतो. दोन वळीव पडून हवा निवली की पुन्हा फुलं धरतात. तोवर खतं घालत बसू नये.

बी ते रोप

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. उथळ ट्रे किंवा तळाला भोकं पाडलेला जुना डबा घ्या. त्यात चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, वर राखेचा हलका थर द्या आणि पाणी हातानं शिंपडा. मेच्या उबेत आठ-दहा दिवसांत बी उगवतं. दोन पानांवर असताना रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं, ती मर. तीही जास्त ओलीनंच येते. वरची माती वाळलेली दिसल्याशिवाय पाणी देऊ नका आणि दाट उगवलं तर निम्मी रोपं कात्रीनं कापून टाका. उपटायला गेलात तर शेजारच्याची मुळं हलतात.

पस्तीस ते चाळीस दिवसांत रोप वीतभर होतं, पाच-सहा पानं येतात. लावायच्या आधी आठवडाभर त्याला रोज थोडं जास्त ऊन दाखवायचं आणि शेवटचे दोन दिवस पाणी तोडायचं. अशा रोपाला बाहेरचं वारं बाधत नाही.

वाफा, नाहीतर कुंडी

जमिनीवर लावणार असाल तर गादीवाफा करा. हातभर रुंद, वीतभर उंच, आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाईल अशी सरी. सरीचं तोंड कुठं उघडतं ते वाफा करतानाच बघा. आमच्याकडे ते धुण्याच्या दगडाकडे उघडत होतं, म्हणजे पाणी बाहेर जायच्या ऐवजी आतच येत होतं. काळ्या मातीत पाटीभर वाळू आणि दोन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा. खानापूरच्या तांबड्या मातीतून पाणी आपोआप जातं, तिथं वाळू नको, शेणखत वाढवा. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला ते उधळपट्टीसारखं वाटतं, पण दाटीत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात पानं दिवसभर ओली राहतात.

मागच्या हंगामात जिथं बटाटा, टोमॅटो किंवा वांगं होतं तिथं मिरची लावू नका. ही सगळी एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. तंबाखूही त्याच कुळातली, आणि हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. निपाणी-चिकोडीकडे किडीवर तंबाखूचा काढा फवारायची जुनी सवय आहे. पण तंबाखूवरच्या मोझॅक रोगाचा विषाणू वाळल्या पानातही टिकून राहतो आणि मिरचीवर येतो. पानं पिवळी-हिरवी ठिपकेदार होतात, त्याला औषध नाही. काढा माणसालाही विषारी. तो वापरूच नका. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल, विडी ओढत असेल, तर साबणानं हात धुतल्याशिवाय त्यांना झाडाला हात लावू देऊ नका. मामंजींना हे सांगताना मला आधी संकोच वाटला होता. पण त्यांनी ऐकलं, आणि आता ते परड्यात जायच्या आधी आपणहून नळावर जातात.

गच्चीवर करायची असेल तर एका रोपाला बारा इंची कुंडी. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाची भोकं गच्चीला चिकटून बंद होत नाहीत. झड लागली की कुंडी छपराखाली ओढता येते. म्हणून पश्चिमेकडच्या लोकांना मी कुंडीच सुचवेन.

रोपं संध्याकाळी लावा. ट्रेमध्ये जेवढी खोल होती तेवढीच खोल.

पाणी कधी, खत किती

दुपारी दोन वाजता मिरचीची पानं लोंबलेली दिसली तर लगेच पाणी घालू नका. कडक उन्हात झाड पानं आवरून धरतं. संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. पानं उभी राहिली असतील तर पाण्याची गरज नाही. सकाळी सातलाही ती लोंबलेली असतील तर बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळं कुजायला लागलीत, सरी खोल करा आणि पाणी बंद ठेवा. त्या चौदा रोपांच्या वेळी हे बोट मातीत घातलं असतं तर निम्मी तरी वाचली असती.

पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर नाही. पावसाळा संपल्यावर जमिनीतल्या झाडाला चार-पाच दिवसांतून एकदा पुरतं. फळं भरत आल्यावर ते आणखी थोडं लांबवलं तर मिरची जास्त तिखट होते. पण फार ताण दिला तर फुलं गळतात. म्हणून सकाळी पान लोंबलं की ताण थांबवून पाणी द्यायचं.

खताचं थोडक्यात सांगते. युरिया टाकला की झाड हिरवंगार, डेरेदार होतं आणि मिरची येत नाही. मावा ही कीडही त्या कोवळ्या पानांवर तुटून पडते. लावल्यापासून महिन्यानं ओंजळभर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड बुडाशी द्या. फुलं दिसायला लागली की घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणावी. मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, मग त्यात तेवढंच साधं पाणी घालून झाडाला तांब्याभर द्या. पंधरा दिवसांतून एकदा, बस्स. लावल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत आलेली फुलं खुडून टाका. जीवावर येतं, पण रोप आधी अंग धरतं.

पानं मुरडली तर

चुरडामुरडा म्हणा, बोकड्या म्हणा, शेजारच्या कानडी मावशी मुटुरू म्हणतात. मिरचीवाल्याच्या पोटात गोळा आणणारी हीच गोष्ट. पण सगळं मुरडणं एका कारणाचं नसतं, आणि कारण ओळखल्याशिवाय फवारलं तर औषध वाया जातं.

पान होडीसारखं वर वळलं असेल तर फुलकिडे. एक शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, रेघेएवढे जीव सरपटताना दिसतील. फूल उघडून बघितलं तर आतही असतात. पान खाली वळलं, देठ लांबला, पानाची खालची बाजू चकाकायला लागली तर कोळी. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. आणि पानं आखडून, बारीक होऊन शेंड्याला झुपका झाला, झाडच खुरटलं, तर विषाणू. तो पांढरी माशी आणते.

फुलकिड्यांना निळे आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावतात. सोबत पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबण घालायचा. आठवड्याला एकदा, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही उन्हात नाही. विषाणूचं झाड मात्र उपटून जाळायचं. लोभ धरला तर माशी तेच रोग घेऊन पुढच्या झाडावर बसते. २०२१-२२ च्या हंगामात कर्नाटक, आंध्र, तेलंगणातल्या मिरचीवर नव्या काळ्या फुलकिड्यांनी धाड घातली होती, औषधांवर औषधं मारूनही शेतं हातची गेली. तेव्हापासून मी रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी पेरते. वाऱ्यावर येणारी कीड तिथं अडते, आणि कणसं मुलांना होतात.

तोडणी

लावल्यापासून साठ ते पंचाहत्तर दिवसांत पहिली हिरवी मिरची मिळते. देठासकट तोडायची, एका हातानं फांदी धरून. ओढून तोडली की फांदीच मोडते. आठ-दहा दिवसांनी तोडत राहिलं की झाड फुलं धरत राहतं. लाल करायची असेल तर आणखी महिनाभर झाडावर ठेवावी लागते आणि तेवढ्या काळात नवी फुलं कमी येतात. म्हणून मी झाडंच वाटून घेते. आठ खर्ड्यासाठी, चार लाल करायला.

वर्षाचं तिखट परड्यात होणार नाही, हे आधीच सांगते. ब्याडगी आणि संकेश्वरी उन्हाळ्यात बाजारातूनच आणावी लागते आणि डंकावर कुटून घ्यावी लागते. घरची लाल मिरची फोडणीला, सांडग्याला आणि बियाण्याला.

वाळवताना दव लागू देऊ नका. दिवसभर चटईवर ऊन, तिन्हीसांजेला घरात. हस्ताचा पाऊस आला आणि ओल्या मिरच्यांचा ढीग तसाच राहिला तर आतून बुरशी धरते. ती मिरची धुऊन-पुसून वापरू नये, टाकून द्यावी. मिरची हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे, मगच डब्यात.

मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. खर्डा जरा सौम्य हवा तर ती शीर काढा. हात भगभगले तर पाण्यानं काही होत नाही, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा.

पुढच्या वर्षाचं बी

पहिल्या तोड्याच्या मिरचीचं बी धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याला, पावसात उभं राहिलेलं आणि पान न मुरडलेलं एक झाड निवडून त्याला चिंधी बांधा. त्यावरच्या चार मिरच्या पूर्ण लाल होऊ द्या. शेजारी लवंगी किंवा ढोबळी असेल तर मधमाश्या परागांची मिसळ करतात आणि पुढच्या वर्षी भलतीच मिरची येते. म्हणून बियाण्याच्या फांदीवर, फुलं उमलायच्या आधीच, मलमलीची पिशवी बांधून ठेवा. फळ धरलं की काढायची. बी सावलीत आठ दिवस वाळवून राखेत घोळवा, काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर वर्ष लिहा. दोन वर्षांपर्यंत ते चांगलं उगवतं.

झाडं लगेच उपटायचीही घाई नको. फेब्रुवारीत बहर संपला की निरोगी झाडं जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटा, बुडाशी शेणखत द्या आणि पाणी बेतानं. मार्चच्या शेवटी कोवळे फुटवे येतात. वळीव पडेपर्यंत स्वयंपाकापुरत्या हिरव्या मिरच्या त्यांवर मिळतात, आणि तोवर नव्या बियाण्याचा ट्रे भरायची वेळ झालेली असते.