फिश ऑइलने एलडीएल वाढतं का, हे स्वतःपुरतं कसं तपासावं

फिश ऑइलचा भरवशाचा परिणाम एकच: ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरतात. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र काहींचं जागेवर राहतं, काहींचं वाढतं. या फरकामागे एपीओई जनुकाचा हात असू शकतो. त्याची मुख्य रूपं तीन, ई२, ई३ आणि ई४. आई-वडिलांकडून एकेक येतं. ई४ असलेल्यांचं एलडीएल जास्त मात्रेच्या, विशेषतः डीएचए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३ मेदाम्ल) भरपूर असलेल्या तेलाने वाढल्याचं काही चाचण्यांत दिसलं, सगळ्यांत नाही. म्हणून जनुकाचा अहवाल हा फक्त इशारा. खरं काय ते रक्त सांगतं.

तेल सुरू करण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोनदा लिपिड प्रोफाइल करून सरासरी घ्या. ट्रायग्लिसराइड एरवीही २० टक्क्यांनी सहज वरखाली होतात; एकाच तपासणीवर विसंबलात तर तो हेलकावा तेलाच्या नावावर जमा होतो. लॅब तीच, उपास ९ ते १२ तासांचा, आदल्या दिवशी दारू नाही.

कॅप्सूलवरचे १००० मिलिग्रॅम हे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए (दुसरं ओमेगा-३) बहुधा १८० आणि डीएचए १२०. मोजायचे ते हे ३००. दिवसाला २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए घ्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच, कारण मोठ्या मात्रेत एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा) धोका वाढतो. कॉड लिव्हर ऑइलने ही मात्रा गाठू नका, जीवनसत्त्व अ अंगावर येईल.

पुढचे ८ ते १२ आठवडे मात्रा, आहार, वजन तेच ठेवा. मध्येच स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू झालं तर तुलना बाद. मग पुन्हा दोन तपासण्या.

फसगत होते ती इथे. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत; एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. एकूण २२०, एचडीएल ४० असताना ट्रायग्लिसराइड ३०० वरून २०० झाले, की कागदावर एलडीएल १२० चं १४० होतं. नॉन-एचडीएल (एकूण वजा एचडीएल) मात्र दोन्ही वेळा १८०. तेव्हा नॉन-एचडीएल पाहा, जमल्यास अपोबी (एलडीएलसारख्या कणांची संख्या सांगणारी तपासणी) करा. अपोबीही स्पष्ट वाढलं असेल तर मात्रा कमी करणं किंवा फक्त ईपीए असलेलं औषध, यावर डॉक्टरांशी बोला.

जनुक तपासायचंच तर आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२ या दोन्ही जागा अहवालात हव्यात. एकीवरून रूप नीट ठरत नाही. आणि ई४ अल्झायमरचा धोकाही वाढवतं. ते कळून घ्यायचं आहे का, हे नमुना देण्याआधी ठरवा.