बुडवून केलेली मेणबत्ती सरळ राहण्यासाठी

मुलांनी मेणात बुडवून केलेली मेणबत्ती बहुधा वाकडी होते, कारण हलकी वात मेणावर तरंगते. म्हणून सुती वातीच्या टोकाला लोखंडी नट बांधावा. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे उंच, अरुंद डब्यात घालून तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. पहिल्यांदा वात मिनिटभर मेणात ठेवून, बाहेर काढून ताणावी. नंतर मात्र क्षणभरच बुडवावी, अन्यथा आधीचा थर वितळून निघतो. दर वेळी थंड पाण्यात बुडवून पंच्याने नीट पुसावे, कारण गोव्याच्या दमट हवेत थेंब लवकर सुकत नाहीत आणि थरांत अडकलेले पाणी जळताना तडतडते. डबा थेट आचेवर ठेवू नये. मेण पेटल्यास पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण घालावे.